पुसून टाकलेला डॉक्टर

२९ ऑक्टोबर १९६६, शनिवारची संध्याकाळ. बीबीसीवर 'डॉक्टर हू' या सायन्स फिक्शन मालिकेतल्या 'द टेन्थ प्लॅनेट' या कथेचा चौथा आणि शेवटचा भाग लागला होता. तीन वर्षं मालिकेचा नायक असलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा डॉक्टर आपल्या यानात परततो, जमिनीवर कोसळतो, पडदा उजेडाने भरून जातो. उजेड ओसरतो तेव्हा तिथे दुसराच, त्याच्याहून तरुण माणूस पडलेला असतो. मुख्य नटाला मालिका सोडावी लागली, तर कथेतच नायकाचं शरीर बदलून टाकायचं, ही युक्ती तेव्हा पहिल्यांदा वापरली गेली. पुढे एकामागून एक नट बदलत गेले, पण डॉक्टर तोच राहिला. मालिकेचं दीर्घायुष्य या एका सीनवर उभं आहे.

आणि तो भाग आज मूळ रूपात कुणालाच बघता येत नाही. त्याची टेप पुसली गेली, फिल्मवरच्या प्रतीही गेल्या. चेहरा बदलण्याचा सीन तेवढा उरला, कारण १९७३मध्ये 'ब्लू पीटर' या लहान मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला गेला होता आणि त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग शिल्लक राहिलं. मी तो सीन फोनवर पाहिला. काही सेकंदांचाच आहे, चित्र धुरकट आहे. पाहून झाल्यावर मला मालिकेपेक्षा त्या तुकड्याच्या प्रवासाचीच जास्त उत्सुकता वाटायला लागली. एवढ्या मोठ्या संस्थेने आपलीच इतकी लोकप्रिय मालिका पुसली का? आणि जे वाचलं, ते कुणी वाचवलं?

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचं यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन बूथसारखं दिसतं, आतून मात्र प्रचंड मोठं आहे. ते काळातही फिरतं आणि अवकाशातही. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ला दाखवला गेला, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. त्या गडबडीत अनेकांचा तो बघायचा राहिला, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला.

बीबीसीच्या ड्रामा विभागाने ही मालिका ज्यांच्या हाती सोपवली, ती माणसंही त्या काळाच्या मानाने वेगळी होती. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट २७ वर्षांची. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचा आणि जन्माने लखनौचा. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' लिहिणाऱ्या लेखिका अतिया हुसेन या त्याच्या आई. पुढे १९६४च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये हुसेनने 'मार्को पोलो' ही सात भागांची कथा केली. पामीरचं पठार, गोबीचं वाळवंट आणि कुब्लाई खानाचा दरबार असा प्रवास, आणि सगळा उभा केलेला लंडनच्या छोट्याशा स्टुडिओत. सातपैकी सहा भाग हुसेनचे, चौथा जॉन क्रॉकेट यांचा. या सातही भागांची एकही प्रत उरलेली नाही. 'मार्को पोलो'कडे मी शेवटी परत येणार आहे, कारण त्याच्या बाबतीत घडलेली एक बारीकशी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगून जाते.

टेप महाग, आठवण स्वस्त

१९६३ ते १९६९ या सहा वर्षांत मालिकेचे २५३ भाग झाले, सगळे कृष्णधवल. २०१३मध्ये झालेल्या एका मोठ्या शोधानंतरही त्यातले ९७ हरवलेल्यांच्या यादीत उरले होते. म्हणजे दर पाच भागांतले जवळजवळ दोन.

हे कुणा एका खलनायकाचं काम नव्हतं. आग लागली नाही, बंदी आली नाही. कामं नेहमीच्या शिस्तीत चालली होती आणि त्या शिस्तीतच भाग पुसले गेले.

त्या काळात स्टुडिओत चित्रीकरण व्हायचं ते दोन इंच रुंदीच्या व्हिडिओटेपवर. एकेक रीळ जडच्या जड आणि भयंकर महाग. पण या टेपची खुबी अशी, की ती पुसून पुन्हा वापरता यायची. ऑडिओ कॅसेट हाताळलेल्यांना हे लगेच कळेल. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक चौकोनी पट्ट्या असायच्या. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड व्हायचं नाही आणि त्या जागी चिकटपट्टी लावली की परत व्हायचं. आमच्या घरातल्या कॅसेटच्या खोक्यात चिकटपट्टी लावलेल्याच जास्त होत्या. नव्या गाण्यासाठी जुनं काय पुसायचं, हे ज्याच्या हातात टेपरेकॉर्डर असेल तो ठरवायचा. आता आपण तेच फोनवर करतो. 'स्टोरेज भरलं' असा मेसेज आला की अंगठ्याने भराभर व्हिडिओ उडवायचे. त्या क्षणी आपल्याला पुढचं शूट करायचं असतं, मागचं जपायचं नसतं. बीबीसीचंही तेच झालं.

शिवाय जपून करायचं काय, हा प्रश्न होता. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम ठरावीक मुदतीत आणि ठरावीक वेळाच पुन्हा दाखवता यायचा. मुदत संपली की नव्याने बोलणी आणि नव्याने पैसे. नटांच्या बाजूने पाहिलं तर यात काही चूक नव्हतं. सारखे जुनेच कार्यक्रम दाखवत बसले, तर नव्या कामाचं काय? पण परिणाम असा झाला, की दाखवून झालेली टेप हिशेबाच्या वहीत निरुपयोगी ठरली. घरी विकत घेऊन बघण्याची सोय तेव्हा नव्हतीच, त्यामुळे 'उद्या कुणाला तरी हे हवं असेल' असं म्हणायला कारणही नव्हतं. त्यात १९६९च्या नोव्हेंबरात बीबीसी वन रंगीत झालं. १९७०पासून डॉक्टर हूही रंगीत झाली. काळ्यापांढऱ्या मालिकेला आता कोण विचारणार?

टेप पुसण्याआधी बहुतेक भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या जात. खास मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि चालू चित्र फिल्मवर टिपायचं, अशी ती पद्धत. प्रत्येक देशातल्या टीव्हीचं तंत्र वेगळं होतं, पण फिल्मचं प्रोजेक्टर सगळीकडे चालायचं. बीबीसीची विक्री शाखा या प्रती परदेशांत विकायची. त्यामुळे टेप पुसणाऱ्या इंजिनिअरिंग विभागाला वाटायचं, फिल्म आहेच की. फिल्म लायब्ररी म्हणायची, आमचं काम फिल्मवर तयार झालेले कार्यक्रम सांभाळायचं, हे तर टेपवरचे. आणि विक्री शाखा म्हणायची, आमच्याकडे ठेवायचं ते विकण्यासाठी. विक्रीचे हक्क संपले, माल निकाली. तिघेही आपापल्या परीने बरोबर होते. प्रत्येकाला वाटत होतं की एक प्रत दुसऱ्याकडे असेल. १९६७ ते १९७८ या काळात आधी टेपा पुसल्या गेल्या, मग फिल्मचे डबेही कचऱ्यात गेले.

फक्त डॉक्टर हूच्याच वाट्याला हे आलं असंही नाही. १९६९मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाचं बीबीसीच्या स्टुडिओतलं थेट प्रक्षेपणही बहुतांश हरवलेलं आहे. चंद्रावरची पावलं जिथे वाचली नाहीत, तिथे शनिवार संध्याकाळच्या मुलांच्या मालिकेची काय कथा!

१९७८मध्ये हे थांबलं. त्या वर्षी स्यू माल्डन यांची बीबीसीत आर्काइव्हसाठी कार्यक्रम निवडण्याच्या कामावर नेमणूक झाली. असं पद तिथे पहिल्यांदाच निर्माण झालं होतं. कार्यक्रम नेमके कसे नाहीसे होतात याचा माग काढण्यासाठी त्यांनी उदाहरण म्हणून निवडली ती डॉक्टर हूच. त्याच सुमारास इयन लेव्हिन हा रेकॉर्ड निर्माता आणि मालिकेचा कट्टर चाहता विक्री शाखेत चौकशीला गेला, तेव्हा 'द डॅलेक्स' या कथेच्या सात भागांचे डबे टाकून देण्यासाठी बाजूला काढलेले त्याला सापडले. डॅलेक म्हणजे मिठाच्या डबीसारखे दिसणारे, 'मारून टाका' असं ओरडणारे यांत्रिक शत्रू. त्यांच्यामुळेच मालिका पहिल्या काही महिन्यांत देशभर गाजली होती. ते सात भाग आज बघता येतात, कारण एक माणूस वेळेवर पोचला.

ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी वाचवलं

आता उरलेल्यांची गोष्ट. परदेशी टीव्ही केंद्रांना दिलेल्या फिल्म त्यांनी दाखवून झाल्यावर परत पाठवायच्या, नष्ट करायच्या किंवा सांगितलेल्या पुढच्या केंद्राकडे रवाना करायच्या, असा नियम होता. एकच संच देशोदेशी फिरायचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, सिंगापूर, नायजेरिया, झांबिया, सायप्रस अशा ठिकाणी डॉक्टर पोचला होता. ज्या केंद्रांनी नियम काटेकोर पाळला, तिथले भाग गेले. जिथे कुणीतरी डबे मागच्या खोलीत ढकलून विसरून गेलं, तिथले वाचले.

१९९२मध्ये हाँगकाँगच्या एका टीव्ही कंपनीकडे 'द टूम ऑफ द सायबरमेन' ही कथा चारही भागांसह सापडली. फिल्म लंडनला आली आणि त्याच वर्षी व्हीएचएसवर बाजारात आली. २०१३च्या ऑक्टोबरात जाहीर झालं, की फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस शहराच्या प्रक्षेपण केंद्रात नऊ हरवलेले भाग मिळाले आहेत. 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' ही कथा त्यामुळे पुरी झाली आणि 'द वेब ऑफ फिअर'च्या सहापैकी फक्त तिसरा भाग राहिला. जाहीर झाल्याबरोबर लोकांनी ते विकत घेऊन आपापल्या स्क्रीनवर पाहिले. ४५ वर्षांपूर्वी एकदा दाखवून विसरलेला एपिसोड नायजेरियातल्या धुळीतून थेट आयट्यून्सवर आला.

लंडनमध्येही भाग सापडले. १९८३मध्ये एका चर्चच्या तळघरात दोन निघाले. १९९९मध्ये न्यूझीलंडमधल्या एका फिल्म जमवणाऱ्याकडे 'द क्रुसेड' कथेचा पहिला भाग निघाला. आपल्याकडचं रीळ जगातलं एकमेव आहे, याची त्याला कल्पनाही नव्हती.

सगळ्यात मजेशीर गोष्ट सेन्सॉरची. मुलांना भीती वाटेल अशी दृश्यं ऑस्ट्रेलियातल्या सेन्सॉरने फिल्ममधून कापली होती. गळा दाबणं, किंचाळणं, मरणं. फिल्म पुढे नष्ट झाल्या, पण कापलेले तुकडे सरकारी कामाचा पुरावा म्हणून फायलींबरोबर राहिले. १९९६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दोन चाहत्यांच्या चिकाटीने ते सापडले. म्हणजे काही भागांमधलं आज आपल्याला फक्त तेवढंच हलतं चित्र बघता येतं, जे तेव्हा कुणाला बघू द्यायचं नव्हतं.

आणि आवाज? तो सगळाच्या सगळा आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो, आणि त्यात बीबीसीचा काडीचाही हात नाही. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये काही शाळकरी मुलं आणि तरुण टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून बसायचे. घरातल्यांना गप्प राहायला सांगायचे. एखाद्याने तर टीव्हीच्या आतल्या तारांनाच टेपरेकॉर्डर जोडला, म्हणून त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीतला आवाज येत नाही. भाग परत दाखवला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. नियमाने पाहिलं तर प्रसारण असं टेप करून ठेवणं बेकायदा. पुढे बीबीसीनेच या घरगुती टेप साफसूफ करून, मध्ये निवेदन घालून आधी कॅसेटवर आणि मग सीडीवर विकल्या. एका ऑस्ट्रेलियन प्रेक्षकाने तर ८ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा टीव्हीवर रोखून मुके तुकडे टिपून ठेवले होते. तेही आज जपून वापरले जातात.

चित्रं मिळाली ती जॉन क्युरा नावाच्या छायाचित्रकाराच्या धंद्यामुळे. हा माणूस घरी टीव्हीसमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचे फोटो काढायचा आणि ते नटांना, दिग्दर्शकांना विकायचा. कामाची आठवण म्हणून त्यांना तेच एक साधन होतं. एकेका भागाचे साठ-सत्तर फोटो. आजच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनशॉट. हरवलेल्या कितीतरी भागांचे चेहरे, कपडे, सेट आपल्याला आज माहीत आहेत ते या स्क्रीनशॉटमुळे.

घरी नेता येणारा डॉक्टर

व्हिडिओ येण्याआधी मालिका घरी नेण्याचा एकच मार्ग होता, पुस्तक. १९७३पासून टार्गेट या प्रकाशनाने डॉक्टर हूच्या कथा कादंबरीच्या रूपात छापायला सुरुवात केली. एकट्या टेरन्स डिक्स यांनी अशी साठाहून अधिक पुस्तकं लिहिली. साधी वाक्यं, पळती गोष्ट. ब्रिटनमध्ये वाढलेल्या एका पिढीसाठी जुना डॉक्टर म्हणजे ही पुस्तकंच होती, कारण चित्र बघायला मिळण्याची सोय नव्हती. १९८१मध्ये बीबीसीने काही जुन्या कथा पुन्हा दाखवल्या, तेव्हा कित्येकांनी पहिला डॉक्टर हलताना-बोलताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

१९८३मध्ये पहिली व्हिडिओ कॅसेट आली, 'रिव्हेंज ऑफ द सायबरमेन'. किंमत ३९.९५ पौंड, म्हणजे तेव्हाच्या मुलाच्या खिशाला न परवडणारी. चार भाग एकत्र शिवून, मधली शीर्षकं कापून, त्याचा एक सिनेमा केला होता. या निवडीमागे एक किस्सा सांगतात. त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत लाँगलीटला मालिकेच्या विसाव्या वर्षाचा मोठा मेळावा झाला. कोणती कथा कॅसेटवर हवी असं तिथे चाहत्यांना विचारलं, तर सगळ्यांत जास्त मागणी आली 'टूम ऑफ द सायबरमेन'ला. ती तर तेव्हा हरवलेली! मग सायबरमेन असलेली दुसरी एक कथा काढली.

मला या किश्श्यात त्या काळातला खरा बदल दिसतो. वीस वर्षं जिची किंमत शून्य धरली गेली, तिची मागणी रांगेत उभी राहून लोक करायला लागले होते. पुसलेली टेप म्हणजे आता नुसती गेलेली आठवण नव्हती, बुडालेली कमाईही होती. जपण्यासाठी प्रेम पुरेसं ठरलं नव्हतं. बाजारही यावा लागला. हे ऐकायला रुक्ष वाटेल, पण पुढच्या तीस वर्षांत या मालिकेवर जी दुरुस्तीची कामं झाली, त्यांचा खर्च कॅसेट, डीव्हीडी आणि ब्लू-रे विकत घेणाऱ्यांनीच उचलला.

आणि ही कामं साधी नव्हती. टेपवरचं चित्र सेकंदाला पन्नास वेळा बदलायचं, फिल्मवरच्या प्रतीत मात्र पंचवीसच चौकटी. त्यामुळे स्टुडिओतली ती वाहती हालचाल फिल्ममध्ये अडखळती व्हायची. ज्यांनी गेमचा फ्रेमरेट कमी-जास्त करून पाहिलाय, त्यांना हा फरक डोळ्याने कळेल. काही तंत्रज्ञांनी संगणकाच्या मदतीने मधल्या हालचाली पुन्हा तयार केल्या आणि जुने भाग पहिल्या दिवशी दिसले असतील तसे दिसायला लागले.

रंगाची गोष्ट तर जादूच वाटते. १९७०नंतरचे सगळे भाग उरले आहेत, पण त्यातले काही फक्त काळ्यापांढऱ्या फिल्मवर. १९९२मध्ये 'द डीमन्स' या कथेचा रंग अमेरिकेतल्या एका चाहत्याने घरच्या बीटामॅक्सवर केलेल्या रेकॉर्डिंगमधून काढला. त्या टेपचं चित्र ढिसाळ, पण रंग खरे. फिल्मचं रेखीव काळंपांढरं चित्र आणि टेपचा रंग यांची जोडी जमवली. नंतर लक्षात आलं, की काही कृष्णधवल फिल्मवर बारीक ठिपक्यांची नक्षी आहे. रंगीत सिग्नलचे ते अवशेष होते. प्रत काढताना कुणीतरी ते गाळायचं विसरलं होतं, म्हणून ते फिल्मवर छापले गेले. त्या ठिपक्यांवरून मूळ रंग शोधणारं सॉफ्टवेअर लिहिलं गेलं. 'द माइंड ऑफ ईव्हिल'चे पाच भाग असे रंगीत होऊन २०१३मध्ये डीव्हीडीवर आले. त्याच्या पहिल्या भागात मात्र ठिपके नव्हते, म्हणून त्याला रंग हाताने भरावे लागले.

जिथे चित्रच नाही, तिथे ॲनिमेशन. २००६मध्ये 'द इन्व्हेजन'च्या दोन हरवलेल्या भागांपासून हे सुरू झालं. ५ नोव्हेंबर २०१६ला 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स' ही सहा भागांची कथा पूर्ण ॲनिमेशनमध्ये आली, मूळ प्रसारणाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. आवाज कुणा मुलाने मायक्रोफोन धरून टिपलेला, चेहरे-कपडे क्युराच्या फोटोंवरून काढलेले. सुरुवातीला हे बघताना मला बाहुल्यांचा खेळ बघतोय असं वाटलं. पंधरा मिनिटांनी ते विसरायला झालं, कारण आवाज खरे होते. त्या खोलीत ती माणसं त्या दिवशी खरोखर बोलली होती.

आता सगळं आहे, म्हणजे कुठे आहे?

२०२३च्या नोव्हेंबरात मालिकेला साठ वर्षं झाली. बीबीसीने आपल्या आयप्लेअर या ॲपवर आठशेहून अधिक भाग एकत्र टाकले. ज्या मालिकेची एक कथा बघायला १९८३मध्ये चाळीस पौंड मोजावे लागत होते, ती जवळजवळ आख्खी ब्रिटनमधल्या कुणाच्याही फोनवर आली. चाहत्यांसाठी दिवाळीच म्हणायची.

पण त्या यादीत एक भोक होतं. अगदी पहिली कथा, म्हणजे वारिस हुसेनने दिग्दर्शित केलेले पहिले चार भाग, त्यात नव्हते. लेखक अँथनी कोबर्न यांचे वारस आणि बीबीसी यांच्यात हक्कांवरून एकमत झालं नाही. भाग सुरक्षित होते, स्वच्छ केलेले होते, पण दाखवता येत नव्हते. ज्याच्याकडे २००६मध्ये आलेला डीव्हीडी संच कपाटात होता, तो मात्र ते खुशाल बघू शकत होता. त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

यात कोण बरोबर हा वाद मला घालायचा नाही. लेखकाच्या हक्काला किंमत असलीच पाहिजे. साठच्या दशकात नटांच्या हक्कालाही होती. मला दिसतं ते एवढंच, की साठ वर्षांनी आपण फिरून त्याच जागी आलोय. तेव्हा प्रत एका संस्थेच्या कपाटात होती आणि करार संपला की ती जायची. आज ती एका संस्थेच्या सर्व्हरवर असते आणि करार संपला की ॲपमधून जाते. फरक असा, की तेव्हा मध्ये हाँगकाँग होतं, जोस होतं, विसरलेले डबे होते, टीव्हीसमोर मायक्रोफोन धरलेला मुलगा होता. आज आपल्याकडे प्रत येतच नाही. आपल्याला बघायची परवानगी मिळते. डाउनलोडचं बटण दाबलं तरी फाइल ॲपच्या आतच राहते आणि मुदत संपली की आपोआप उडते.

तुमच्या लाडक्या वेब सिरीजचं असंच झालं तर? ती मराठी असेल, तिचे प्रेक्षक थोडे असतील, ज्या ॲपवर ती आली ते ॲपच बंद पडलं तर? तिची डीव्हीडी कधी निघालेली नाही. ती परदेशातल्या कुठल्या केंद्राला रिळांमधून गेलेली नाही. तिचा एखादा डबा कुणाच्या तळघरात राहण्याची शक्यताच नाही. डॉक्टर हूचे जे जुने भाग वाचले ते तंत्र मागासलेलं होतं म्हणून. प्रती जड होत्या, फिरत होत्या आणि एकाच हातात नव्हत्या. कोणतं काम मोलाचं ठरेल हे करणाऱ्यालाही तेव्हा कळत नाही. १९६७मध्ये टेप पुसणारा कर्मचारी मूर्ख नव्हता; आपल्या जागी तो आज असता तर त्यानेही स्टोरेज रिकामं केलं असतं. म्हणून काय जपायचं हे ठरवण्याचं काम कुणा एकावर सोपवण्यात धोका आहे, मग तो कितीही जाणकार असो. चार ठिकाणी चार जणांकडे असू दे, त्यातला एक तरी विसराळू निघेल.

आता 'मार्को पोलो'. सातही भाग नाहीत, आवाज आहे. अनेक वर्षं त्याचे क्युराचे फोटोही कुणाला माहीत नव्हते. मग ते सापडले खुद्द वारिस हुसेनकडे. तरुणपणी आपल्या कामाची आठवण म्हणून त्याने ते विकत घेतले होते आणि चाळीस वर्षं सांभाळले होते. पहिल्या भागाचे आहेत, दुसऱ्याचे, तिसऱ्याचे आहेत. पाचव्या, सहाव्या, सातव्याचेही आहेत. चौथ्याचे नाहीत. चौथा भाग त्याने दिग्दर्शित केलेला नव्हता, मग त्याचे फोटो तो कशाला घेईल?

मी ती कथा आवाज आणि फोटो जोडून केलेल्या रूपात पाहिली. तिसऱ्या भागापर्यंत उंटांचे तांडे, तंबू, मार्को पोलोची दाढी, पडद्यावर एकेक चित्र येत राहतं. चौथ्या भागात ते थांबतं, इकडच्या तिकडच्या चित्रांवर भागवावं लागतं आणि पंचवीस मिनिटं आपण जवळजवळ नुसतं ऐकत राहतो. पाचवा सुरू झाला की चेहरे परत येतात.